टेक्सासमधल्या आमच्या शिकारीच्या रानातून शेजारी न विचारता ये-जा करतात. काय करावं?

हंगाम सुरू व्हायच्या आधी त्यांच्या घरी जाऊन बोला. हरणांच्या शिकारीच्या दिवसांत झाडीतून अचानक माणूस निघाला तर गोळी लागू शकते. माझ्या मते हद्दीपेक्षा हा मुद्दा मोठा आहे. वाट द्यायची असेल तर परवानगी लेखी द्या. तिथे 10 वर्षं परवानगीशिवाय उघडपणे वापरलेल्या वाटेवर वहिवाटीचा दावा होऊ शकतो, परवानगीने वापरलेल्या वाटेवर नाही.

द्यायची नसेल तर हद्दीवरच्या झाडांवर, खांबांवर जांभळे उभे पट्टे मारा: किमान 8 इंच लांब, 1 इंच रुंद, खालचं टोक जमिनीपासून 3 ते 5 फुटांवर. कायद्याने ती प्रवेशबंदीची पाटीच. तरीही आले तर शेरीफला कळवा. बंदूक घेऊन अडवायला मुळीच जाऊ नका.