लेकीची मतं आणि धाकट्याचा मोबाइल

कॅनडातल्या मिसिसागाहून एका आईचं पत्र आलं आहे. दिवाळीला सगळे कोथरूडच्या घरी आले होते. जेवताना काहीतरी विषय निघाला आणि विद्यापीठात शिकणारी वीस वर्षांची लेक म्हणाली, "पॉर्न म्हणजे सरसकट बायकांचं शोषण, असं मी मानत नाही. मी सेक्स-पॉझिटिव्ह फेमिनिस्ट आहे." ऐंशीच्या दशकात अश्लील पोस्टरांना काळं फासायला रस्त्यावर उतरलेली तिची आजी भरल्या ताटावरून उठली. परत गेल्यावर पंधरा वर्षांच्या धाकट्याच्या फोनमध्ये नको ते व्हिडिओ सापडले. आता नवरा म्हणतो, हिनेच घरात हे बोलणं सुरू केलं, म्हणून तो बिघडला. लेकीला गप्प करू का, असं आई विचारते.

नका करू, ताई. तुमच्या घरात दोन वेगळे प्रश्न आहेत आणि भीतीपोटी त्यांची एकच मोट बांधली गेली आहे. सेक्स-पॉझिटिव्ह म्हणजे संमतीने घेतलेल्या लैंगिक सुखात लाज नाही असं मानणारी. लेकीचं म्हणणं मोठ्या माणसांच्या निवडीबद्दल आहे. धाकटा अजून मोठा झालेला नाही.

लेक जे बोलली त्यावर स्त्रीवादी बायका चाळीस-पंचेचाळीस वर्षं आपापसांत कडाकडा भांडत आल्या आहेत. १९७९ मध्ये न्यूयॉर्कला 'विमेन अगेन्स्ट पोर्नोग्राफी' ही संघटना उभी राहिली. तिच्या कार्यकर्त्या इतर बायकांना टाइम्स स्क्वेअरच्या दुकानांत घेऊन जात आणि आत काय विकलं जातं ते दाखवत. लेखिका अँड्रिया ड्वॉर्किन आणि कायदेतज्ज्ञ कॅथरिन मॅकिनन म्हणत, पॉर्न स्त्रीच्या समान हक्कांवरच घाव घालतं, म्हणून झळ बसलेल्या बाईला ते बनवणाऱ्या-विकणाऱ्यांवर भरपाईचा दावा लावता आला पाहिजे. तुमच्या सासूबाईंचा राग याच जातीचा आहे. तो पोकळ नाही, हे लेकीलाही सांगा.

दुसऱ्या बाजूलाही स्त्रीवादीच होत्या. अमेरिकन लेखिका एलन विलिस यांचा आक्षेप असा, की या मोहिमेतून 'चांगली बाई' आणि 'वाईट बाई' ही जुनी वाटणीच नव्याने डोक्यावर बसते. बाईला स्वतःची इच्छा असू शकते हेच पुन्हा झाकलं जातं. १९८२ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात मानववंशशास्त्रज्ञ कॅरोल व्हान्स यांनी स्त्रियांच्या लैंगिकतेवर परिषद भरवली. सुख आणि धोका, दोन्हींबद्दल एकत्र बोलू, असं तिथे म्हणणं होतं, आणि बाहेर स्त्रियाच निषेध करत होत्या. पुढे १९८४ मध्ये कँडिडा रॉयल यांनी, ज्या आधी स्वतः अशा चित्रपटांत काम करत होत्या, बायकांच्या नजरेतून असे चित्रपट बनवणारी कंपनी काढली.

बंदीबद्दल मात्र तुमच्या कॅनडातलंच उदाहरण देते. १९९२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 'बटलर' खटल्यात स्त्रियांना होणारी हानी हा अश्लीलतेचा निकष मानला. पॉर्नविरोधी स्त्रीवाद्यांना तो आपला विजय वाटला. त्यानंतर काही आठवड्यांतच टोरांटोच्या 'ग्लॅड डे' या समलिंगी वाचकांच्या पुस्तकाच्या दुकानावर पोलिसांची कारवाई झाली, तीही लेस्बियन स्त्रियांनीच काढलेल्या एका मासिकासाठी! कायद्याची काठी ज्याच्या हातात असते, तो आधी कोणाला झोडपतो, हे लेकीचे प्राध्यापक तिला शिकवत असतील तर बरंच आहे.

आपल्याकडे हे र. धों. कर्व्यांनी भोगलं. १९२७ ते १९५३, मरेपर्यंत, त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना साधी, सरळ उत्तरं दिली म्हणून १९३४ मध्ये खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले, तरी दंड झालाच. बाईलाही कामसुखाचा हक्क आहे असं हा माणूस तेव्हा मराठीत लिहीत होता. सासूबाईंना फोनवर कर्व्यांची आठवण करून द्या. आजी-नातीचं बोलणं तिथून पुन्हा सुरू होऊ शकेल.

मी स्वतः बंदीच्या बाजूची नाही. पण 'तिची निवड' एवढं म्हणून थांबणाऱ्यांवर माझा राग आहे. पैसे कोणाला मिळाले? कॅमेरा सुरू झाल्यावर नाही म्हणता आलं का? नंतर तो व्हिडिओ काढून टाकायला सांगितलं तर कोणी ऐकलं का? डिसेंबर २०२० मध्ये, संमतीविना आणि अल्पवयीन मुलींचे व्हिडिओ असल्याच्या बातमीनंतर, पॉर्नहब या संकेतस्थळाने पडताळणी न झालेल्या खात्यांचे लाखो व्हिडिओ उतरवले. ती कंपनी मॉन्ट्रियलमधून चालते, तुमच्याच देशात. लेकीला हे प्रश्न विचारा, तिला अडवायला म्हणून नव्हे, तिचं ऐकायला. संमतीचा विचार मनापासून करणारी मुलगी यावर तासभर बोलेल. तुम्हीही बोला.

आता धाकटा. सेक्स-पॉझिटिव्ह विचार मुलांच्या हाती पॉर्न द्या असं सांगत नाही. मुलांना लाज न लावता, वयाला साजेसं लैंगिक शिक्षण द्या, असा त्याचा आग्रह आहे. फोन काढून घेऊन काही होणार नाही, तो मित्राच्या फोनवर बघेल. त्याच्याशी बाबांनी बोलावं, आणि लेकीवर ढकलणं आजपासून बंद करावं. बोलताना गाडीत शेजारी बसून बोलणं सोपं जातं, नजरेला नजर द्यावी लागत नाही. त्याला एवढं कळू द्या: बघावंसं वाटणं यात काही घाण नाही. पडद्यावरची माणसं काम करत असतात. त्याआधी कशाकशाला हो म्हणायचं हे ठरतं ते दाखवत नाहीत, मधे थांबतात ते कापतात, आणि निरोध बहुधा दिसतच नाही. खऱ्या मुलीला विचारावं लागतं, आणि ती नाही म्हणाली की तिथेच थांबावं लागतं.

एक गोष्ट मात्र आजच सांगा, उद्यावर टाकू नका. वर्गातल्या कोणाचा उघडा फोटो त्याच्या फोनवर आला तर तो पुढे पाठवायचा नाही. संमतीशिवाय असा फोटो पसरवणं कॅनडात २०१५ पासून गुन्हा आहे, आणि अठराच्या आतल्या मुलामुलींच्या फोटोला त्याहून कडक कायदा लागतो. त्याचा स्वतःचा फोटो कोणी पसरवला किंवा त्यावरून पैसे मागितले, तर पैसे द्यायचे नाहीत, बोलणं तोडायचं, आलेले मेसेज जपून ठेवायचे आणि लगेच तुम्हाला सांगायचं. विनिपेगचं 'कॅनेडियन सेंटर फॉर चाइल्ड प्रोटेक्शन' अशा मुलांसाठी 'नीडहेल्पनाउ' ही सेवा चालवतं. तिचा पत्ता दोघा भावंडांच्या फोनमध्ये आज रात्रीच घालून ठेवा.