फूस, पाठबळ की बोलविता धनी?

निपाणीच्या एका वाचकांनी विचारलं आहे: पूर्व काँगोतल्या एम२३ या बंडखोर गटाच्या बातम्यांत कुठे ‘रवांडाची फूस’ येतं, कुठे ‘पाठिंबा’, कुठे ‘पाठबळ’. या तिन्हींचा अर्थ एकच का?

एकच नाही. त्यातही ‘फूस’ हा शब्द अशा बातमीत येऊच नये, असं माझं ठाम मत आहे. फूस लावतात ती अजाण माणसाला. ‘फूस लावून पळवून नेलं’ हे पोलीस फिर्यादीतलं ठरलेलं वाक्य, आणि ज्याला फूस लागली त्याची स्वतःची इच्छा त्यात धरलेलीच नसते. एम२३चं तसं नाही. त्यांचं नावच २३ मार्च २००९ च्या करारावरून पडलं. काँगो सरकारनं तो करार पाळला नाही, ही त्यांची तक्रार. ती खरी की नुसती सबब, यावर खुशाल वाद घालावा, पण जानेवारी २०२५ मध्ये गोमा शहर घेणाऱ्यांना भोळं समजण्यात अर्थ नाही.

‘पाठिंबा’ चारचौघांत द्यायचा असतो. आपल्या सीमाभागात १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाला कुणाचा पाठिंबा आहे, ते नावं घेऊन सांगतात. रवांडा तर आरोपच नाकारतो. म्हणून मग ‘छुपा पाठिंबा’ असं ठिगळ लावावं लागतं. त्यापेक्षा ‘पाठबळ’ बरा: त्यात पैसा, हत्यारं, माणसं सगळं येतं. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटानं २०२४ मध्ये रवांडाचे ३ ते ४ हजार सैनिक काँगोच्या हद्दीत असल्याचा अंदाज दिला होता. तो धरला तर ‘पाठबळ’ही अपुराच, सरळ ‘रवांडाचं सैन्य’ म्हणावं.

पाठबळाच्या पुढची पायरी म्हणजे ‘बोलविता धनी’. हा फरक केवळ भाषेतला नाही, त्यावर न्यायनिवाडे झालेत. निकाराग्वानं अमेरिकेविरुद्ध लढवलेल्या खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयानं २७ जून १९८६ रोजी निकाल दिला. निकाराग्वाच्या सरकारविरुद्ध लढणाऱ्या काँट्रा बंडखोरांना प्रशिक्षण, शस्त्रं, पैसा पुरवून अमेरिकेनं दुसऱ्याच्या कारभारात बेकायदा ढवळाढवळ केली, हे न्यायालयानं मान्य केलं. पण काँट्रांनी केलेले अत्याचार अमेरिकेच्या नावावर टाकले नाहीत, कारण त्या कारवायांवर तिचा प्रत्यक्ष ताबा असल्याचं सिद्ध झालं नव्हतं. म्हणजे पाठबळ ठरलं, बोलविता धनी ठरला नाही.

आणखी एक शब्द आपण विसरत चाललोय, ‘थारा देणे’. १८४४ साली सामानगडावर गडकऱ्यांनी बंड केलं, तेव्हा ते मोडायला फौज गेली ती बेळगावहून. त्याच धामधुमीत सावंतवाडीकडचे बंडवाले गोव्याच्या हद्दीत शिरले आणि इंग्रज-पोर्तुगीजांत त्यावरून खटके उडाले. शेजाऱ्याच्या बंडवाल्याला आपल्या मुलखात राहू देणं हा थारा; हत्यारं पुरवणं वेगळं. आजच्या बातम्यांत ही दोन्ही सर्रास एकाच पोत्यात भरली जातात.

आपल्या बोलीत याच अर्थानं ‘कोण चावी दिला त्याला?’ म्हणतात (इथं ‘कोणी’चा नुसता ‘कोण’ होतो, तो कानडीच्या शेजारामुळे). बोलायला झकास, पण त्यातही फूसवालीच अडचण: चावी दिलेल्याला स्वतःचं मन नाही.

शब्द दोन्ही बाजूंना सारखाच लावावा, हेही महत्त्वाचं. रवांडा उलट म्हणतो की काँगो एफडीएलआर या रवांडा सरकारविरुद्ध लढणाऱ्या हुतू गटाला पोसतो, आणि १९९४ च्या रवांडातल्या वंशसंहारातले गुन्हेगार त्या गटात होते. एकाला ‘फूस’ आणि दुसऱ्याला ‘मदत’ लिहिलंत, तर बातमी न देताच निकाल दिलात. दोन्हीकडे ‘पाठबळ दिल्याचा आरोप’ लिहा, आरोप करणारा कोण तेही लिहा. मथळ्यात जागा नसेल तर ‘रवांडावर पाठबळाचा आरोप’ एवढं पुरतं.