आग विझल्यानंतरचा मास्क

प्रश्न : माझा मुलगा नुकताच अग्निशमन दलात लागला. एका घराच्या आगीचा व्हिडिओ सध्या सगळीकडे फिरतोय, त्यात तोही दिसतो. जवान आत न शिरता दाराशी थांबले म्हणून लोक त्यांना घाबरट म्हणतात. पुढे आग विझल्यावर तेच जवान मास्क काढून काळ्या पडलेल्या खोलीत सामान उपसताना दिसतात, त्यावरून ‘यांना स्वतःचा जीव सांभाळता येत नाही’ अशीही टीका झाली. मुलगा म्हणतो, बाहेरच्यांना यातलं काही कळत नाही. मी कुणाचं खरं मानू? – एक आई

उत्तर : ताई, दाराशी थांबण्यावरून मुलाला आलेला राग रास्त आहे. मास्कच्या बाबतीत मात्र लोकांचं बरोबर आहे. मी याच नोकरीतून स्टेशन ऑफिसर म्हणून निवृत्त झालो, तरी हेच सांगेन.

वर्दी, म्हणजे आगीची खबर, मिळून तिथे पोहोचल्यानंतरची पहिली एक-दोन मिनिटं बघणाऱ्याला फुकट गेल्यासारखी वाटतात. त्या वेळात अधिकारी घराला फेरी मारतो, धूर कुठून आणि किती जोराने येतोय ते पाहतो, आत कोण आहे ते घरच्यांना विचारतो. दाराशी वाकून बसलेले दोघे पाठीवरच्या हवेच्या सिलिंडरला जोडलेला मास्क चढवतात, एकमेकांचा हूड (डोकं-मान झाकणारी टोपी), कॉलर, हातमोजे तपासतात आणि होजमध्ये, म्हणजे पाण्याच्या नळीत, पाणी यायची वाट बघतात. बंद खोलीतली आग हवा संपत आली की दबून धुमसते. दार उघडलं की तिला नेमकी हवाच मिळते. त्या क्षणी हातात पाणी नसेल तर आत गेलेल्याचं काही खरं नाही. खिडक्यांचंही तसंच. पाणी तयार असताना फोडलेल्या खिडकीतून धूर आणि वाफ बाहेर जाते, आधीच फोडली तर आगीला वारा मिळतो. आत माणूस अडकल्याचं पक्कं कळलं तर जवान जास्त धोका पत्करतात, पण तोही पत्करायचा तो अधिकाऱ्याच्या सांगण्यावरून.

पूर्वी घरात लाकूड आणि कापूस असायचा. आता सोफ्यात, गाद्यांत फोम असतो. अमेरिकेतल्या यूएल या सुरक्षा-चाचण्या करणाऱ्या संस्थेने दोन्ही तऱ्हेच्या खोल्या पेटवून पाहिल्या. जुन्या सामानाची खोली पूर्ण भडकायला साधारण अर्धा तास लागला, नव्या सामानाची पाच मिनिटांच्या आत भडकली. याला फ्लॅशओव्हर म्हणतात : छताखालचा धूर सुमारे ६०० अंशांपर्यंत तापतो आणि खोलीतलं सगळं एकदम पेटतं. अंगावर पूर्ण सूट असला तरी अशा खोलीत माणसाच्या हातात काही सेकंदच उरतात. बंब पोहोचेपर्यंत पुष्कळदा ही वेळ जवळ आलेली असते. दाराशी थांबलेल्या जवानांना भित्रे म्हणू नये, ते त्यांचं काम करत होते.

आता मास्क. ज्वाळा गेल्यावर कूलिंगचं काम सुरू होतं. गाद्या उलटायच्या, छताचे तुकडे पाडायचे, दडलेले निखारे शोधून भिजवायचे. हवा बरी दिसते, घाम डोळ्यांत उतरतो, खांद्यावर सिलिंडरचं ओझं असतं, म्हणून सगळ्यात आधी मास्क निघतो. पण त्याच वेळी धुमसणाऱ्या फोममधून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड निघत असतो. दोन्ही डोळ्यांना दिसत नाहीत. बेंझिन, फॉर्माल्डिहाइडही त्या हवेत असतात. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अग्निशमन जवानाच्या कामालाच कर्करोगाच्या सिद्ध कारणांच्या गटात घातलं. अ‍ॅस्बेस्टॉस आणि तंबाखूचा धूर त्याच गटात आहेत. त्यामुळे मास्कवर बोट ठेवणाऱ्यांना काही कळत नाही, असं मला म्हणवत नाही.

फक्त तो दोष एकट्या जवानावर टाकू नये. ३०० बार (बार हे दाबाचं माप) दाबाने भरलेल्या ६.८ लिटर सिलिंडरमध्ये सुमारे दोन हजार लिटर हवा मावते. कागदावर ती पाऊण तास पुरते. जिने चढताना, होज ओढताना श्वास इतका वाढतो की वीस-पंचवीस मिनिटांत दाब ५५ बारच्या आसपास उतरतो आणि हवा संपत आल्याची शिटी वाजू लागते. मग बाहेर येऊन सिलिंडर बदलायचा. गाडीवर जादा सिलिंडर नसेल, बदली तुकडी आलेली नसेल, तर दमलेला माणूस मास्क काढून काम उरकतो. त्याला नावं ठेवणाऱ्यांनी सिलिंडरची खरेदी कुणी अडवली, हेही विचारायला हवं. हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मुलाशी बोलताना त्या व्हिडिओवरून वाद घालू नका. स्टेशनवर तो सगळ्यांनी मिळून पाहिला का, एवढं विचारा. चांगला अधिकारी असा व्हिडिओ तुकडीसमोर थांबवत थांबवत दाखवतो : इथे पाणी आलं, इथे मास्क निघाला, तो का निघाला.

आणि एक गोष्ट घरात तुमच्या हातात आहे. आगीवरून आल्यावर त्याचा सूट, हूड, हातमोजे घरात येऊ देऊ नका, घरच्या कपड्यांत तर मुळीच धुऊ नका. काजळीतली विषं कापडात बसतात आणि मानेच्या, जबड्याच्या कातडीतून अंगात जातात. हे कपडे स्टेशनवरच धुतले जायला हवेत. त्याने तिथेच मान, चेहरा, हात लगेच पुसावेत आणि शक्य तितक्या लवकर साबणाने अंघोळ करावी. तिथे धुण्याची सोय नसेल किंवा दुसरा हूड मिळत नसेल, तर त्याने अधिकाऱ्याकडे लेखी मागणी द्यावी आणि पोच घेऊन ठेवावी.