अनाथाश्रमातल्या मुलांना शिकवायला जायचंय ना, मग आधी एवढं बघ

अरे मस्त ठरवलंस, पण लगेच रोज येतो म्हणून शब्द देऊ नकोस, आठवड्यातून एकच दिवस धर, शनिवार म्हणजे शनिवारच. चार वेळा येऊन गायब होणारी माणसं या मुलांनी खूप बघितलीत, नवीन लोकांची सगळ्यात मोठी चूक हीच. नाताळला केक आणि गिफ्ट घेऊन ही गर्दी, जूनमध्ये वह्या उघडल्या की कोणी नाही!

फोटो तर अजिबात नको, स्टेटसला पण नाही. 2015 च्या बाल न्याय कायद्यात या मुलांची ओळख उघड करायला बंदी आहे. आईबाबांबद्दल आपणहून विचारू नकोस.

विश्वासाचं म्हणशील तर बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात 1:27 ला अनाथांची विचारपूस करायला सांगितलंय, ते मनात ठेव आणि तासाला प्रवचन न देता वाचन नीट घे. आपल्या नाशिकच्या शरणपूरला 19व्या शतकात मिशनरी लोकांनी गुलामगिरीतून सुटलेल्या आफ्रिकन मुलांना शिकवलं, त्यात सुतारकाम पण होतं बरं का.

गणित, इंग्रजी नंतर बघू. आणि संस्थेने पोलीस व्हेरिफिकेशन मागितलं तर तोंड वाकडं करू नकोस, मागायलाच पाहिजे त्यांनी.