इतकी वर्षं भरलं, आता सोडू कसं?

सरकारी रुग्णालयात उपचार मिळतात, मग खासगी आरोग्य विम्याचे हप्ते भरत राहण्यात अर्थ आहे का? हा प्रश्न घेऊन थेट समुपदेशकाकडे कुणी येत नाही. लोक येतात ते झोप लागत नाही म्हणून, नाहीतर घरात रोज खटके उडतात म्हणून. बोलता बोलता मग हा विषय डोकं वर काढतो. या जोडप्याचंही तसंच झालं. (त्यांच्या परवानगीने लिहितेय; ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

गृहस्थ पन्नाशी ओलांडलेले, हिशेबाला पक्के. सोबत प्लास्टिकची फाइल. आत दरवर्षीच्या पावत्या तारखेनुसार लावलेल्या आणि सगळ्यात वर यंदाचं नूतनीकरणाचं पत्र. वयोगट बदलला म्हणून हप्ता बराच वाढला होता. नव्या आकड्याखाली पेनाने दोनदा रेघ ओढलेली. आजवर एकही क्लेम नाही.

"सोडावंसं वाटतं हो," ते म्हणाले, "पण सोडलं आणि दुसऱ्याच महिन्यात काही उद्भवलं तर?"

बाईंनी तिथल्या तिथे सुनावलं, "म्हणजे मरेपर्यंत भरतच राहायचं! पाण्यात गेले तेवढे पुरेत."

दोघांचं म्हणणं ऐकताना वाटलं, दोघंही एकाच जागी अडकलेत. गेलेल्या पैशांत. क्लेम झाला नाही याचा अर्थ पैसे बुडाले असा होत नाही, आजारपण आलं नाही एवढाच होतो. आणि इतकी वर्षं भरले म्हणून पुढेही भरलेच पाहिजेत, असंही नाही. विमा म्हणजे साठवलेली ठेव नव्हे. या वर्षीचा हप्ता या वर्षीच्या जोखमीसाठी असतो, तो संपला की संपला. हे पटायला अर्धा तास गेला, आणि तेही गृहस्थांच्या फक्त डोक्याला पटलं. पोटातला गोळा तसाच.

त्या गोळ्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तो फार जणांच्या पोटात असतो. 'विमा सोडला की नेमकं तेव्हाच काहीतरी होणार' ही भीती तर्काला धरून नाही, पण अगदी माणसाची आहे. ओरित टायकोसिन्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असं दिसलं, की आपल्याकडे विमा आहे याची आठवण करून दिली की लोकांना आजारी पडण्याची शक्यताच कमी वाटू लागते. जणू कागद खिशात असला की दुखणं दारातून परत जाईल. शिकलेसवरलेले, आकडेमोड करणारे लोकही यातून सुटत नाहीत.

कुठली पॉलिसी घ्यावी, ठेवावी की सोडावी, हे सांगणं माझं काम नाही आणि मी ते करतही नाही. मी एवढंच विचारलं, "रात्री जाग येते तेव्हा डोळ्यांपुढे नेमकं काय येतं?"

"छातीत कळ."

"मग पुढे काय होतं? कुठे नेतात?"

ते थांबले. "अँब्युलन्स... मोठ्या सरकारी रुग्णालयात. जवळ तेच आहे. आणि तिथले हृदयाचे डॉक्टर चांगलेच आहेत."

म्हणजे ज्या रात्रीच्या भीतीने ते हप्ता भरत होते, त्या रात्री ती पॉलिसी बहुधा फाइलमध्येच राहणार होती. सार्वजनिक व्यवस्था जिथे धड चालते तिथे झटका, पक्षाघात, मोठा अपघात अशा वेळी जो जास्त गंभीर त्याला आधी घेतात. रांग लागते ती गुडघा, मोतीबिंदू, हर्निया अशा थांबू शकणाऱ्या शस्त्रक्रियांना. खासगी विमा मुख्यतः ही रांग टाळायला, डॉक्टर आणि खोली निवडायला उपयोगी पडतो. अर्थात जिथे सरकारी रुग्णालयात खाटच मिळत नाही किंवा औषधं पदरच्या पैशाने आणावी लागतात, तिथे हे गणित पार उलटतं. म्हणून दुसऱ्याच्या अनुभवावरून ठरवू नये, असं मला वाटतं. देशागणिकही फरक पडतो. ब्रिटनमध्ये खासगी विमा बहुतेक वेळा आपत्कालीन उपचार आणि कायमचे आजार सांभाळत नाही, ते काम सार्वजनिक सेवेचं. कॅनडात तो प्रामुख्याने दात, चष्मा, औषधं यांसाठी घेतात. फ्रान्समध्ये सार्वजनिक विम्याने आपला वाटा दिल्यानंतर रुग्णाकडे जो खर्च उरतो तो भागवायला घेतात. नाव एकच, कामं तीन.

मी त्यांना घरचा अभ्यास दिला: पॉलिसीच्या अटींची पुस्तिका वाचून या, आणि 'काय मिळत नाही' त्या पानापासून सुरुवात करा. पुस्तिका पुढच्या वेळी आली ती नुकतीच पाकिटातून काढलेली दिसत होती. पावत्या सगळ्या जपलेल्या, वाचलेलं काहीच नाही! याचं मला आता नवल वाटत नाही. एजंटही मिळणाऱ्या गोष्टींचीच यादी वाचतो.

वाचताना मात्र एक गोष्ट वर आली जी दोघांपैकी कुणीच बोललं नव्हतं. पॉलिसी फक्त गृहस्थांच्या नावावर होती. आणि बाई खोलीत येताना खुर्चीच्या हाताला धरून, एक पाय सरळ ठेवून बसत, ते मी पहिल्या दिवसापासून पाहत होते. गुडघा. शस्त्रक्रिया लागेल असं डॉक्टरांनी मागेच सांगितलं होतं.

"मग सरकारी रुग्णालयाच्या यादीत नाव कधी लावलंत?" मी विचारलं.

"नाही लावलं अजून. हे म्हणत होते, मलाही विम्यात घेऊ. मग म्हटलं, आधी त्याचं काय ते ठरू दे."

ते ठरत नव्हतं आणि नाव लागत नव्हतं. शिवाय आधीपासून दुखणारा गुडघा नव्या विम्यात लगेच धरला जाणं कठीणच. पूर्वीच्या आजाराला काही काळ थांबावं लागतं किंवा तो कायमचा वगळला जातो. बाईंचा राग हप्त्याच्या आकड्यावर नव्हताच. "यांच्या भीतीवर वर्षानुवर्षं पैसे गेले," त्या म्हणाल्या, "माझं तर रोज दुखतंय." गृहस्थ बराच वेळ फाइलचं बटण उघडत-लावत राहिले. आमच्या सगळ्या बैठकांमधलं खरं काम त्या दिवशी झालं आणि त्यात विम्याचा संबंध थोडाच होता.

बाईंचं नाव त्याच आठवड्यात यादीत लागलं. विमा घेऊ की नको या विचारात असलेल्या प्रत्येकाला मी हे सांगते: विचार चालू द्या, पण रांगेत आधी उभे राहा. नाव काढून घेता येतं, गेलेले महिने परत मिळत नाहीत.

राहिली पॉलिसी. गृहस्थांचा पहिला बेत ती बंद करून तेवढे पैसे दर महिन्याला वेगळे टाकण्याचा होता. बेत वाईट नाही, पण दुसऱ्याच वर्षी मोठा खर्च आला तर तो डबा अर्धाही भरलेला नसतो. आणि घरात लग्नकार्य निघालं की त्याला पहिला हात लागतो. दुसरी अडचण जास्त खरी होती. मधल्या काळात त्यांना रक्तदाब जडला होता. पॉलिसी एकदा सोडली आणि पुन्हा घ्यायची म्हटली तर रक्तदाब 'पूर्वीचा आजार' ठरणार, वयही वाढलेलं असणार. काही ठिकाणी तर हे नियमातच लिहिलेलं असतं: ऑस्ट्रेलियात जुलै 2000 पासून तिशीनंतर जितकी वर्षं उशीर कराल, त्या प्रत्येक वर्षामागे रुग्णालयीन विम्याच्या हप्त्यावर 2 टक्के जास्त पडतात. सोडणं सोपं, परतणं महाग.

शेवटी त्यांनी पॉलिसी ठेवली, पण हलकी केली. ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च स्वतः करायचा, त्यावरचा विम्याने द्यायचा, अशा प्रकारात बदलून घेतली. हप्ता पुष्कळ उतरला. उरलेले पैसे बाईंच्या नावाने वेगळे ठेवायचे ठरले: फिजिओथेरपी, घरी मदतीला माणूस, असल्या खर्चासाठी. बाईंना हा निर्णय पूर्ण पटलेला नाही, त्या अजूनही म्हणतात की बंदच करायला हवी होती. पुढच्या नूतनीकरणाला पुन्हा बोलू, असं दोघांनी ठरवलंय. पुस्तिका आता बाईंकडे असते.