मॉरिशसची राजभाषा: इंग्रजी, फ्रेंच की क्रिओल?

प्रश्न असा आहे: मॉरिशसची राजभाषा कुठे इंग्रजी छापलेली दिसते, कुठे फ्रेंच, मग लिहायचे काय? आणि क्रिओल म्हणजे मोडकीतोडकी फ्रेंचच ना?

घटनेने ठरवून दिलेली देशाची राजभाषा मॉरिशसला नाहीच. १९६८च्या राज्यघटनेतले ४९वे कलम फक्त संसदेपुरते आहे: सभागृहाची अधिकृत भाषा इंग्रजी, पण सदस्याला फ्रेंचमध्येही बोलता येईल. हेच कलम लोक अख्ख्या देशाला लावतात आणि घोळ होतो. 'सरकारी कामकाज मुख्यतः इंग्रजीत' असे लिहा, म्हणजे चुकणार नाही. फ्रेंच टिकली त्याला कारण आहे. १८१० साली बेट फ्रेंचांकडून इंग्रजांकडे गेले, तेव्हाच्या तहात रहिवाशांचे कायदे आणि चालीरीती राखायचे कबूल झाले होते. दिवाणी कायद्याचा पाया अजून नेपोलियनच्या संहितेचा आहे, आणि वर्तमानपत्रेही बहुतेक फ्रेंचच.

घरात मात्र क्रिओल. २०११च्या जनगणनेत ८० टक्क्यांहून जास्त लोकांनी घरची भाषा म्हणून तीच सांगितली.

तिला मोडकी फ्रेंच म्हणू नये. शब्द बहुतांशी फ्रेंचमधले, व्याकरण स्वतःचे. काळाप्रमाणे क्रियापद बदलत नाही, त्याच्या आधी एक छोटा शब्द येतो: 'मो पे आले' मी जातोय, 'मो ती आले' मी गेलो, 'मो पू आले' मी जाईन. (हो, तिथे 'आले' म्हणजे जाणे!) घराला 'लाकाझ' म्हणतात. त्यातला 'ला' मुळात फ्रेंच उपपद, पण आता तो शब्दातच मुरला आहे. म्हणून 'ते घर' म्हणायला शेवटी आणखी एक 'ला' लागतो: 'लाकाझ-ला'. अनेक घरे असली तर 'बान लाकाझ'. फ्रेंचच्या नियमाने 'लाकाझ-ला' सोडवायला बसलात तर दोन 'ला' दिसतात आणि बोलणारा चुकला असे वाटते. तो चुकलेला नसतो. या भाषेचे प्रमाण लेखन २०११ साली ठरले आणि २०१२पासून ती शाळेत ऐच्छिक विषय आहे. नुसते 'क्रिओल' लिहू नका, 'मॉरिशियन क्रिओल' लिहा. हैती आणि सेशेल्सच्या क्रिओल वेगळ्या.

आता आपल्याकडची चूक. 'मॉरिशसमधले मराठी भाषक' असे सर्रास छापतात. तिथे मराठी शाळेत शिकवली जाते, पण पूर्वजांची भाषा म्हणून. मराठी कुळातल्या बहुतेक घरांतही रोजचे बोलणे क्रिओलमध्येच चालते. तेव्हा 'मराठी वंशाचे मॉरिशसवासी' लिहावे.