सातपुड्यात हरवलेली पाच मुलं आणि तुमचे 12 लाख

प्रश्न : मी रावेर तालुक्यातला केळी उत्पादक, वय 46. घरी पत्नी, 72 वर्षांची आई, बारावीतली मुलगी आणि 15 वर्षांचा मुलगा. ओळखीतले एक निर्माते मराठी-अहिराणी चित्रपट काढत आहेत. शाळेच्या सहलीतली पाच मुलं सातपुड्यात हरवतात, अशी गोष्ट. बजेट 60 लाख, पावसाळ्यात 22 दिवस शूटिंग. 12 लाख घातले तर माझ्या मुलाला त्या पाचांतला एक रोल, 18 महिन्यांत 20 लाख परत, शिवाय नफ्यात वाटा. 6 लाख मुलाची चाइल्ड पॉलिसी मोडून, 4 लाख सोन्यावर आणि 2 लाख पीककर्जातून उभे करीन. ट्रॅक्टर आणि पाइपलाइनचं 16 लाखांचं कर्ज आहे, पीककर्ज 3 लाख. पण बँकेतल्या साहेबांनी दिलेल्या तीन पॉलिसी आहेत, वर्षाला 2 लाख 40 हजार भरतो, त्यामुळे घरच्यांची काळजी नाही. 12 लाख घालावेत की 8?

उत्तर : 12 नाही आणि 8 पण नाही. चित्रपटाचं आधी उरकू, कारण तुमच्या पत्रातलं खरं दुखणं शेवटून दुसऱ्या वाक्यात आहे.

12 चे 20 दीड वर्षात म्हणजे वर्षाला 40 टक्के. एवढा परतावा लेखी देणाऱ्या माणसाला तुमच्या 12 लाखांची गरज का पडावी? शिवाय ठरावीक परताव्याचं आश्वासन देऊन लोकांकडून पैसे गोळा करणं 2019 च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्याच्या कचाट्यात येऊ शकतं. पतसंस्थांत ठेवी अडकलेली माणसं आपल्या भागात गावोगाव आहेत. व्याजाचा आकडा ऐकून मान डोलवण्याआधी त्यांच्यापैकी एकाच्या ओट्यावर जाऊन बसा.

आता तिकिटांचा हिशोब. 150 रुपयांच्या तिकिटातून 18 टक्के जीएसटी गेला की उरतात 127. मल्टिप्लेक्स पहिल्या आठवड्यात साधारण निम्मे ठेवतं, पुढे त्याचा वाटा वाढत जातो. वितरकाचं कमिशन वजा केलं की निर्मात्याच्या हाती तिकिटामागे 50 रुपये धरा. तुम्ही पाठवलेल्या निर्मात्याच्या प्रस्तावात प्रसिद्धी आणि प्रदर्शनाचा खर्च नाहीच, तो किमान 30 लाख धरा. वसूल करायचे 90 लाख, म्हणजे 1 लाख 80 हजार तिकिटं. 40 पडद्यांवर रोज एक खेळ मिळाला, आणि नव्या निर्मात्याला एवढे मिळाले तर नशीबच, तरी आठवड्याला 280 खेळ होतात. एका खेळाला 640 प्रेक्षक हवेत. सभागृहात खुर्च्या 250 ते 300. हे सगळं फक्त मुद्दल सुटण्यासाठी. ओटीटीवाले नवख्यांचे चित्रपट आगाऊ पैसे मोजून क्वचितच घेतात. बरेचदा जेवढं पाहिलं जाईल तेवढ्याचा वाटा, एवढंच पदरात पडतं.

प्रस्तावात ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’चा दाखला आहे. अगदी थोडक्या पैशांत चित्रित झालेला, 1999 मध्ये प्रदर्शित झालेला हा अमेरिकन चित्रपट जगभरात सुमारे 25 कोटी डॉलर कमावून गेला, हे खरं. पण तो वितरकाने सनडान्स महोत्सवात साधारण 10 लाख डॉलरला विकत घेतला आणि प्रसिद्धीवर चित्रीकरणाच्या कित्येक पट ओतले. मोठी कमाई झाली ती त्यानंतर. दुसरा दाखला मालेगावच्या विडंबनपटांचा. ते अक्षरशः हजारांत बनले, शेजारीपाजारीच नट होते आणि पाहणारेही तिथलेच. 60 लाखांच्या चित्रपटाला तो दाखला लागू होत नाही.

जंगलात हरवण्याचा चित्रपट स्वस्त वाटतो. स्टार नाही, सेट नाही, पाच मुलं आणि झाडी. पैसा जातो तो अशा जागी जिथे निर्मात्याचं लक्ष नसतं. कपडेच घ्या. गोष्टीत मुलं चार दिवस एकाच कपड्यात असतात, पण चित्रीकरण गोष्टीच्या क्रमाने होत नाही. म्हणून प्रत्येकाचे तेच कपडे स्वच्छ, मळके, चिखलाचे, फाटके असे चार-पाच जोड लागतात. पाच मुलांचे 25 जोड, आणि कुठल्या दिवशी कोणाच्या गुडघ्यावर किती खरचटलंय याची वही ठेवणारा एक माणूस. पावसाळ्यात दाट झाडीखाली उजेड पाचच्या आतच जातो. पुढे जनरेटर आणि दिवे, आणि ते चिखलातून डोक्यावर न्यायचे. धबधब्यापाशी आणि पावसात केलेलं ध्वनिमुद्रण बहुतेक वेळा टाकून द्यावं लागतं, म्हणून डबिंग. त्यात 13-14 वर्षांच्या पोराचा आवाज शूटिंग आणि डबिंगच्या मधल्या महिन्यांत फुटला की पडद्यावर ओठ एकाचे आणि गळा दुसऱ्याचा. सहा महिन्यांनी राहिलेला प्रसंग घ्यायला गेलं की तोच पोरगा दोन इंचांनी वाढलेला.

पाचातला एक मुलगा 13 वर्षांचा आहे, असं प्रस्तावातच लिहिलंय. 14 पूर्ण न झालेल्या मुलाकडून काम करून घ्यायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला जास्तीत जास्त 5 तास, सलग 3 तासांहून जास्त नाही आणि त्याच्या कमाईचा किमान 20 टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत. तो जवळपास प्रत्येक दृश्यात आहे. म्हणजे रोजचे 10 तास धरून आखलेले 22 दिवस 40 च्या पुढे जाणार, आणि 35 माणसांच्या युनिटचं जेवण, गाड्या, मुक्काम सगळं दुप्पट. पालच्या बाजूने यावल अभयारण्यात कॅमेरा न्यायचा तर वन्यजीव विभागाची परवानगी वेगळी. नदीच्या प्रसंगाला दोरवाला आणि पोहणारा माणूस, रुग्णवाहिका, युनिटचा विमा, आकस्मिक खर्चाचे 10 टक्के : प्रस्तावात यातलं एकही कलम नाही. 60 लाखांत हा चित्रपट बहुधा शूटिंगच्या टप्प्यावरच अडकेल आणि मग तुम्हाला फोन येईल, ‘भाऊ, अजून 3 लाख द्या, नाहीतर आधीचेही बुडतील.’

मुलाला अभिनयाची आवड असेल तर निर्मात्याला एवढंच विचारा : पैसे न घालता ऑडिशन घेणार का, आणि निवड झाली तर मानधनाचा करार देणार का? आता दिलेल्या करारात मुलाच्या मानधनाची ओळच नाही. बाप पैसे देणार आणि पोरगा फुकट राबणार, असा तो कागद आहे.

आता ‘घरच्यांची काळजी नाही’ या वाक्याकडे.

तुम्ही पाठवलेल्या कागदांनुसार तीन पॉलिसींचं मिळून विमा संरक्षण 24 लाख. हप्त्याच्या बरोबर दहापट. हा योगायोग नव्हे. मुदतीअंती मिळणारी रक्कम करमुक्त राहावी म्हणून किमान दहापट ठेवावं लागतं, विकणाऱ्याने तेवढंच ठेवलं. उद्या तुम्हाला काही झालं तर 24 मधून 19 लाख कर्जाला जातील. उरले 5. तुमचा घरखर्च महिना 35 हजार, वर्षाला 4 लाख 20 हजार. म्हणजे घर चालेल 14 महिने. मुलगी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असेल. मेडिक्लेमचा तर पत्रात उल्लेखही नाही. वर्षाला 2 लाख 40 हजार भरून ही अवस्था, आणि वर 12 लाख पडद्यावर लावायला निघालात!

चाइल्ड पॉलिसी : वर्षाला 1 लाख, 10 वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी हमी 18 लाखांची. तुमचा रुपया त्यात सरासरी साडेपंधरा वर्षं अडकतो आणि दुप्पटही होत नाही. वर्षाला जेमतेम पावणेचार टक्के. बँकेची एफडी याहून बरी. तुम्ही समजताय 6 हप्ते भरले म्हणजे 6 लाख मिळतील. मिळणार 3 लाख 30 हजारांच्या आसपास. शाखेने दिलेल्या कागदाच्या दुसऱ्या पानावर हा आकडा आहे, पाहिलाच नाहीत. म्हणजे चित्रपटाच्या 12 लाखांत पहिल्याच दिवशी पावणेतीन लाखांचं भगदाड.

पण म्हणून ती मोडायचीही नाही. हप्ते थांबवून पॉलिसी पेड-अप करा. 10 पैकी 6 हप्ते भरलेत, त्या प्रमाणात विसाव्या वर्षी 10 लाख 80 हजार मिळावेत. आज मिळणारे 3.3 लाख 14 वर्षांत 10.8 होणं म्हणजे वर्षाला पावणेनऊ टक्के, करमुक्त. उरलेले 4 हप्ते भरत राहिलात तर त्या जादा 4 लाखांवर पुन्हा पावणेपाच टक्केच सुटतात. पेड-अपचा आकडा शाखेकडून लेखी घ्या, तोंडी नको. आणि नवा टर्म विमा, म्हणजे फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणारा साधा विमा, हातात आल्यावरच अर्ज द्या. मधे एक दिवसही उघडे राहू नका.

दुसरी, वर्षाला 80 हजारांची पॉलिसी ट्रॅक्टरचं कर्ज मंजूर होताना ‘ही एफडीच आहे’ म्हणून गळ्यात मारली. कर्जासाठी पॉलिसीची सक्ती करता येत नाही. प्रपोजल फॉर्मची, म्हणजे पॉलिसी काढताना भरलेल्या अर्जाची, प्रत मागवा आणि त्यात तुमचं उत्पन्न, व्यवसाय काय लिहिलाय ते बघा. अशा फॉर्मवर बऱ्याचदा भलतंच भरलेलं असतं. कर्जमंजुरीची आणि पॉलिसीची तारीख शेजारी-शेजारी मांडून विमा कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. 155255 वर विमा भरोसाकडेही, म्हणजे विमा नियामकाच्या तक्रार यंत्रणेकडेही, तक्रार नोंदवता येते.

तिसरी, 60 हजारांची, युलिप आहे, म्हणजे शेअर बाजाराशी जोडलेली पॉलिसी. चार हप्ते झालेत. पाचवा भरून लॉक-इन, म्हणजे पैसे काढता न येण्याची मुदत, संपू द्या, मग पैसे काढून घ्या.

टर्म विमा 1 कोटीचा, 65 वयापर्यंत. तुमच्या वयाला वर्षाला साधारण 25 ते 35 हजार. वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावर सप्टेंबर 2025 पासून जीएसटीही नाही. तंबाखू मळत असाल तर फॉर्मवर लिहा, हप्ता वाढला तरी चालेल. खरी अडचण उत्पन्नाच्या पुराव्याची येईल. शेतीच्या उत्पन्नावर कर नाही म्हणून विवरणपत्र भरलेलं नसलं की कंपन्या हात आखडता घेतात. सातबारा, केळीच्या विक्रीच्या पट्ट्या आणि बँकेचे उतारे जमवा, विवरणपत्र या वर्षापासून भरायला लागा आणि आज 50 लाख मिळत असतील तर आजच घ्या. ही पॉलिसी विवाहित महिला मालमत्ता कायद्याखाली, पत्नी आणि मुलांच्या नावे काढा, म्हणजे त्या रकमेवर सावकार किंवा बँक हात टाकू शकत नाही. हा पर्याय पॉलिसी काढतानाच निवडावा लागतो. शिवाय प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा, 436 रुपयांत 2 लाख; पन्नाशीपर्यंतच घेता येतो, बचत खात्यावर एक फॉर्म भरला की काम झालं.

चौघांचा 10 लाखांचा मेडिक्लेम 25-30 हजारांत होईल. आईंना त्यात घेऊ नका, हप्ता भडकेल. 70 च्या पुढच्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान कार्डावर 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात. आधार घेऊन कार्ड काढून आणा.

टर्म आणि मेडिक्लेम मिळून 60-65 हजार. युलिपचा शेवटचा हप्ता सोडला तर वर्षाला पावणेदोन लाख मोकळे होतात. त्यातले पहिले 4 लाख साधं मुदत खातं करून बाजूला ठेवा. मे-जूनच्या वाऱ्यात एकदा बाग आडवी झाली की फळपीक विम्याचे पैसे येईपर्यंत घर चालवायला तेच असतील. पीककर्जाला हात लावू नका. मुदतीत फेडलं तर 3 लाखांपर्यंत ते तुम्हाला जवळपास बिनव्याजी पडतं. मुदत चुकली की सवलत जाते आणि पुढच्या मृगबागेच्या रोपांना पैसे राहत नाहीत. सोनंही घरातच राहू दे. येत्या जूनमध्ये मुलीच्या प्रवेशाला लागलं तर तेव्हा बघू.

80 हजारांच्या पॉलिसीचा दुसरा हप्ता याच महिन्यात आहे, सवलतीचे 30 दिवस धरून. तक्रार त्याच्या आत गेली पाहिजे.